लुगड्याखालची खाकी

पोलादाचा कारखाना उभा करायला कोळसा आणि चुनखडी लागते, तसा शब्दकोशही लागतो. १९६०च्या सुमारास भिलाईत माझा एकदा लागला.

रुआबांध्याच्या वस्तीतल्या मजुरांनी गणपतीत एका रविवारी सकाळी खडी गंमत ठेवली होती. आमच्या पूर्व विदर्भातल्या या नाचगाण्याच्या खेळात बाईचं काम पुरुषच करतो. इथली बाई म्हणजे भंडाऱ्याकडचा, भट्टीवरचा एक टेंपरवारी मजूर. पर्मनंट व्हायच्या बेतात होता. दुपारपाळी असल्यामुळे तो लुगड्याखाली कारखान्याची खाकी घालूनच नाचायला उभा राहिला. खेळ लांबला आणि पाळीचा भोंगा वाजला. त्याने स्टेजवरच लुगडं फेडलं, चोळी भिरकावली आणि नाकातल्या नथीसकट मजुरांच्या ट्रकमध्ये उडी मारली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या रांगेतले एक बडे साहेब सपत्नीक उठून गेले.

साहेबांनी तक्रार केली की मजुरांच्या वस्तीत 'स्ट्रिपटीज' झाला. ते नुकतेच परदेशातून ट्रेनिंग घेऊन आले होते. हा प्रकार त्यांनी तिकडे स्वतः पाहिला होता, म्हणून त्यांचं मत जाणकाराचं ठरलं. चौकशी समितीत बाकी कोणाला शब्दच ठाऊक नव्हता. मी ऑफिसात कारकून, जाडजूड इंग्रजी कोश बाळगणारा म्हणून बदनाम. मला बोलावलं.

शब्द अमेरिकेतल्या हलक्या नाटकगृहांतला, तीसेक वर्षांचा, असं मी सांगितलं. आधी बाईला 'स्ट्रिपटीजर' नाव पडलं, मग तिच्या खेळाला 'स्ट्रिपटीज'. पहिल्या अर्ध्याचा अर्थ कपडे उतरवणं, दुसऱ्याचा झुलवणं.

"साहेब, सगळी गंमत झुलवण्यात आहे. एकेक कपडा, सावकाश. या माणसाला तर घाई होती."

"भोंगा वाजला जी," समितीपुढे उभा असलेला तो मजूर म्हणाला. "लुगडं नेसून भट्टीवर जाऊ का? उशीर झाला तं तुमीच मले गैरहजर लावता."

"तू चूप राय," अध्यक्ष म्हणाले. ते नागपूरकडचे. मग माझ्याकडे वळले. "अन् तुमची डिक्शनरी राहू द्या. कपडे काढले का नाही, तेवढं सांगा."

"काढले. पण खाली..."

"झालं तर मग."

त्याला कामावरून काढलं. जाताना कारखान्याच्या वस्तू गेटवर जमा कराव्या लागतात. त्याची आधी टोपी घेतली, मग बूट, मग शर्ट, मग पँट. पाळी सुटली होती, लोक बघत होते. याला मात्र बराच वेळ लागला, कारण शिक्का मारणारा बाबू जेवायला गेला होता.