रोटाचा घास आणि रक्तातली रेघ

शिरपूरच्या त्या औषधचाचणी केंद्रात माझं काम एकच होतं, आकडा सांगायचा. नवी गोळी जुन्या नामांकित गोळीसारखीच रक्तात उतरते का, हे पडताळायला किती निरोगी माणसं लागतील, तो आकडा. कमी सांगितला तर निकाल लटकतो आणि काढलेलं सगळं रक्त वाया जातं. जास्त सांगितला तर विनाकारण माणसांना सुया टोचतात. मी आपली मोजणारी बाई. रक्त दिसलं की अजूनही मान वळवते.

आकडा आभाळातून पडत नाही. आधी डझनभर माणसांवर छोटी चाचणी होते. प्रत्येकाला एका खेपेला ही गोळी, मग काही दिवस सोडून ती. आदल्या रात्री जेवण आणि मुक्काम केंद्रातच, सकाळी उपाशीपोटी गोळी. एकाच माणसाचं शरीर दोन खेपांना किती वेगळं वागतं, ते त्यातून कळतं. शरीरं जितकी चंचल, तितकी मोठ्या चाचणीला माणसं जास्त.

त्या वर्षी श्रावणातल्या छोट्या चाचणीत सगळी शरीरं शहाण्यासारखी वागली, एक सोडून. दोंडाईचाजवळच्या गावचा शेतकरी, माझ्याच वयाचा. पहिल्या खेपेला त्याच्या रक्तातल्या औषधाची रेघ इतरांसारखीच होती. दुसऱ्या खेपेला ती उशिरा चढली आणि भलतीच उंच गेली. त्याला धरून हिशेब केला की माणसं दुपटीहून जास्त लागत होती. केंद्राचे साहेब म्हणाले, "एकच तर आहे. काढून टाका." मी म्हटलं, "कारण सांगा, काढते." नको ती रेघ खुडून टाकायला ती काही मेथीची जुडी नव्हती. साहेबांनी तोंड वाकडं केलं. करू दे.

शेवटच्या तपासणीला तो आला तेव्हा मी त्याला बाकावर बसवलं आणि दोन्ही रेघा दाखवल्या. "भाऊ, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? मी रागावणार नाही."

त्याने उंच रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ताई, घर कानबाईना रोट व्हता. तो सरत नही तोवर बठ्ठा भाऊबंदले दुसरं अन्न चालस नही. तुमनं रातनं जेवण मी ताटमा तसंच ठेवं. पहाटे भूक सोसायनी नही. रुमालमा रोटना तुकडा व्हता, तो खादा."

रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याची जाड पोळी, चांगली तूप लावलेली. उपाशीपोटी घ्यायची गोळी त्या तुपावर जाऊन पडली होती, आणि हे औषध तुपाच्या संगतीत जास्त शोषलं जातं. मी मूळची धुळ्याची, श्रावणात कानबाई देवी आमच्याही घरी बसते. चाचणीच्या तारखा मात्र बाहेरगावच्या साहेबांनी ठरवल्या होत्या. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, तरी देवीच्या रोटाचा एक घास माणसाच्या रक्तातून चढून माझ्या टेबलावर येऊन बसला होता. इतकी वर्षं आकडे हाताळले, पण त्यांच्यापुढे असे हात जोडावेसे मला कधी वाटले नव्हते.

"मंग मना रगत वाया गयं का?" त्याने विचारलं. मी त्याचा फोन नंबर वहीत लिहून घेतला.

त्याचा हिशेब कारण नोंदवून वगळला. साहेब खूश झाले, कारण आकडा एकदम छोटा झाला. पण मी तो जसाच्या तसा दिला नाही. मूठभर माणसांवरून हिशेब म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि एका घासाने इतकं हलणारं शरीर म्हणजे काही भात नव्हे. शंकेला जागा ठेवून मी माणसं वाढवली. सणउपासांचे दिवस टाळून मोठी चाचणीही दसऱ्यानंतर घ्यायला लावली.

मोठ्या चाचणीच्या सकाळी मी वॉर्डात डोकावले. माझा आकडा खाटांवर बसून जांभया देत होता, बाह्या सरसावत होता, चहा मागत होता. चहा द्यायचा नव्हता. मी दारातच उभी राहिले आणि या वेळी मान वळवली नाही.

दोन्ही गोळ्या सारख्या ठरायच्या मर्यादेत निकाल बसला, पण अगदी काठावर. साहेबांच्या छोट्या आकड्यावर गेलो असतो तर लटकलो असतो. त्या आकड्यावरचा माझा विश्वास उडवला होता तो रुमालातल्या तुकड्याने.

मी त्या शेतकऱ्याला फोन लावला. निकाल ऐकून त्याने पुन्हा तेच विचारलं, रगत वाया गयं का. कचेरीत मी कधी घरची बोली बोलत नाही. त्या दिवशी ती आपोआप तोंडात आली.

"नही गयं, भाऊ. थेंबबी नही."