दुसरं हेलिपॅड

राज्याचा कारभार जमिनीशी जोडलेला असावा, असं थोर लोक सांगतात. आमच्या धाड गावाकडे ही जोडणी बांधकाम खात्यातले एक मिस्त्री करत. मंत्री हेलिकॉप्टरनं येणार असले की उतरायला दोन जागा लागतात. एकीवर अडचण आली तर दुसरी. मिस्त्री एका पायातली चप्पल काढून टाच जमिनीवर आपटत, मूठभर धूळ सोडून वारा बघत आणि मग मान वर करून विजेच्या तारा शोधत. हेलिकॉप्टरला ते ‘पाहुणा’ म्हणत.

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं ऐकलं होतं. त्या वर्षी ती लागली आणि नुकसान पाहायला मंत्री निघाले. दुसऱ्या जागेसाठी बांधकाम खात्याच्या साहेबांनी माझं शेत निवडलं. अळीतून वाचलेला कापूस तिथं वेचणीला आला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर रोलर फिरणार होता.

शेत बघायला आलेल्या मिस्त्रींनी चप्पल काढलीच नाही. “साहेब, कापूस फुटून राह्यला. पाहुणा खाली आला का सारा उडून पंख्यात जाईन. मंग तुमालेच इचारतीन, हे जागा काऊन देली म्हून.”

साहेबांनी नकाशावरचं माझं शेत तिथंच खोडलं.

“खरंच जातो का हो पंख्यात?” मी नंतर हळूच विचारलं.

“मले काय मालूम, गुरुजी? मी कधी बसलो त्यात? तुमी येचून घ्या.”

चार दिवसांत वेचणी झाली. अजूनही ते रस्त्यात दिसले की मी स्कूटरवरून उतरून नमस्कार करतो.

दुसरं हेलिपॅड बाजाराच्या मैदानात झालं. दोन्ही जागा चुन्यानं आखून तयार होत्या. मंत्री मोटारीनं आले.