नाहूरच्या डॉक्टरांचं भारी इंजेक्शन

मी तेव्हा उपनगरातल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात मेडिसिनची रजिस्ट्रार होते, आणि माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. वॉर्डबॉय मला पाठीमागे मिरची म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. ऐंशीच्या दशकात बाई डॉक्टरने आवाज चढवला नाही तर तिला सगळे सिस्टर म्हणूनच हाक मारायचे.

ती मुलगी शुक्रवारी सकाळी ओपीडीत आली. एकोणीस वर्षांची, दोन्ही हातांनी डोकं धरलेलं, खिडकीकडे पाठ करून बसलेली. उजेड सहन होत नव्हता. पाच दिवस ताप, उलट्या, डोकं फुटेल असं दुखणं. हनुवटी छातीला लाव म्हटलं तर मान वाकेचना. पण शुद्धीवर पूर्ण होती. वार विचारला तर म्हणाली, "आज शुक्रवार. दहा दिवसांनी सोमवार. त्या सोमवारी मला हजर व्हायचंय, मॅडम."

हजर व्हायचं होतं टेलिफोन खात्यात, ऑपरेटरच्या ट्रेनिंगला. नेमणुकीचं पत्र आईने पिशवीतून काढून दाखवलंच. ठरल्या दिवशी फिटनेस सर्टिफिकेटसह हजर न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला, असं त्यात छापलेलं. मागे उभ्या असलेल्या बापाची गिरणी बंद पडलेली, तो आता कुठल्याशा सोसायटीत वॉचमन. त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी पहिली व्यक्ती ही मुलगी होणार होती. ती जागा गेली असती तर पुन्हा मिळाली नसती, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

मेंदूच्या आवरणाला सूज होती, यात मला शंका नव्हती. प्रश्न होता ती कशाने आली याचा. व्हायरसने आली असेल तर बहुतेक वेळा आराम, सलाईन, डोकेदुखीची गोळी, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस उठतो. पू करणाऱ्या जंतूंनी आली असेल तर औषधाशिवाय माणूस हातचा जातो. सुरुवातीला दोन्ही आजार सारखेच दिसतात. फरक कळतो तो पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढल्यावर.

"ता नको!" बाप ताडकन म्हणाला. "पाठीतला पाणी काढलां काय माणूस लुळो पडता. आमच्या वाडीत एक आसा तसो."

"तुमच्या वाडीतला माणूस आजाराने लुळा पडला, सुईने नाही," मी म्हटलं. "उद्या हिला फिट आली तर मला विचारायला येऊ नका!" असं बोलायला नको होतं. पण मी बोलले. आई रडायला लागली. तेव्हा मुलगीच डोळे मिटल्या मिटल्या म्हणाली, "बाबा, सही करा. मला वेळ नाहीये."

पाणी काढलं. दिसायला स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. तपासणीत पेशी वाढलेल्या, पण त्या बहुतेक व्हायरसमध्ये वाढतात त्या जातीच्या, आणि साखर अगदी चांगली. छातीचा फोटोही स्वच्छ. मी खुशीत आमच्या युनिटच्या सरांकडे धावले.

सरांनी रिपोर्ट वाचला आणि एकच विचारलं, "आधी बाहेर काय घेतलंय?"

नाहूरला घराजवळच्या दवाखान्यात तीन दिवस सुया आणि गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्या कागदाच्या पुड्यांत, औषध खुणांची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत. चिठ्ठी नाही, नाव नाही. तेव्हा सगळे फॅमिली डॉक्टर असंच द्यायचे. बाप मात्र अभिमानाने म्हणाला, "भारी इंजेक्शन होतां. डॉक्टर स्वतः म्हणालो, एकदम पॉवरफुल!"

झालं. सगळं मुसळ केरात. बाहेरच्या अँटिबायोटिकने जंतू अर्धवट मारले असतील तर पाणी असंच फसवं दिसू शकतं. सरांनी चौदा दिवसांची इंजेक्शनं लिहिली, आणि तेव्हा तेच बरोबर होतं. मी स्वतःच्या हाताने पहिला डोस दिला. पण चौदा दिवस म्हणजे तो सोमवार गेला.

सोमवारी सकाळी कल्चरचा रिपोर्ट आला. पाण्यात एकही जंतू वाढला नव्हता. मुलीचा ताप उतरला होता, मान बरीच सैल झाली होती. सर म्हणाले, "ती आपल्या औषधाने बरी होतेय की आपोआप, हे मला कसं कळणार? आधी अँटिबायोटिक मिळालं असेल तर या कल्चरला काही अर्थ नाही. मिळालं नसेल तर हा रिपोर्ट सोन्यासारखा आहे. तारीख बघून मी औषध बंद करत नसतो."

मी वॉर्डात गेले आणि आईला खोदून खोदून विचारलं. सुई कसली होती? बाटली पाहिलीत? पूड पाण्यात विरघळवून घेतली की काचेच्या कुपीतलं तयार औषध? रंग? आईला काही आठवेना. मग सहज म्हणाली, "त्या दिवसांत हिची लघवी हळदीसारखी पिवळीधमक व्हायची हो. आम्हाला वाटलं कावीळ झाली."

मी उडालेच. बी-कॉम्प्लेक्स! व्हिटॅमिनची सुई! त्यानेच लघवी अशी पिवळी होते! सरांना सांगितलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "लघवीच्या रंगावर उपचार थांबवू? त्या डॉक्टरकडून लिहून आण."

मंगळवारी दुपारी ओपीडी उरकून बसने नाहूरला गेले. दवाखाना म्हणजे एक गाळा, बाहेर बाकावर सात-आठ माणसं. आत साठी ओलांडलेले डॉक्टर, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. मी ओळख सांगितली, मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, "अँटिबायोटिक दिलं. दुसरं काय देणार?"

"कुठलं?"

"चांगलं होतं."

"नाव काय त्याचं? डोस किती?"

ते बाहेरच्या बाकाकडे बघायला लागले. टेबलावरच्या ट्रेमध्ये इंजेक्शनच्या फोडलेल्या काचेच्या कुप्या पडल्या होत्या, सगळ्या एकाच जातीच्या, तळाशी पिवळा थेंब. मी त्यातली एक उचलून त्यांच्यापुढे ठेवली. "हे अँटिबायोटिक?"

"हळू बोल, पोरी," ते म्हणाले. "बाहेर माणसं बसलीत."

मी कसली हळू बोलतेय! तीस वर्षं लोकांना फसवताय, लाज नाही वाटत, असं काय काय बोलले. ते म्हणाले, "सुई दिली नाही तर हे लोक पुढच्या दवाखान्यात जातात. तिथे खरंच काहीतरी टोचतात. माझ्या सुईने आजवर कोणी मेलं नाही."

"मग तेवढंच लिहून द्या. त्या मुलीची नोकरी जाईल हो!"

"इथे लिहून दिलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळींत कळेल."

"कळू दे!"

त्यांनी लिहून दिलं नाही. मी दार आपटून निघाले. बुधवारचा राउंड झाला, इंजेक्शनं चालूच. मुलीने विचारलं, "मॅडम, सोमवार जमेल?" मला तिच्याकडे बघवेना. पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. उद्या पुन्हा नाहूरला जायचं, नाही लिहून दिलं तर त्या बाकावरच बसून राहायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

जायची वेळच आली नाही. बुधवारी चार वाजता, भेटायच्या वेळेत, डॉक्टर स्वतः जिना चढून वॉर्डात आले. धाप लागलेली. हातात लेटरहेड. सर तिथेच होते. त्यांनी कागद सरांना दिला आणि वर तोंडानेही सांगितलं, की इंजेक्शन बी-कॉम्प्लेक्सचं होतं, गोळ्या आणि बाटलीतलं औषध तापाचं, अँटिबायोटिक कणभरही नाही. बाप खाटेशेजारी उभा होता. चोरून सांगायचं असतं तर सरांची खोली चार पावलांवर होती. ते तिथे गेले नाहीत.

बापाचा हात स्वतःच्या कंबरेवर गेला. मग तो म्हणाला, "डॉक्टर, मगे माका कंबरेत इतकी वर्सां मारलास, ती?"

"तीच."

"पण माका बरां वाटायचां!"

"तुझी कंबर पडून राहिल्यानेच बरी व्हायची. सुई मारल्यावर दोन दिवस पडून राहा म्हणायचो ना?"

बापाने तोंड फिरवलं. डॉक्टर मुलीच्या उशाशी गेले, तिची मान हलकेच उचलून पाहिली, "आता वाकतेय," म्हणाले आणि निघाले. जिन्यापर्यंत त्यांना सोडायला कोणी गेलं नाही. मी तर तेव्हा सरांच्या पेनाकडे बघत होते. सरांनी केसपेपरवर इंजेक्शनं खोडली, खाली लिहिलं: व्हायरल मेनिन्जायटिस. पुढचे दोन दिवस मी तासातासाला तिचा ताप बघत होते. औषधाविना ती टवटवीत होत गेली. शुक्रवारी घरी सोडली, फिटनेसवर सरांची सही घेऊन, आणि नंतर दर आठवड्याला दाखवायला यायचं या अटीवर. सोमवारी ती हजर झाली.

तीनेक महिन्यांनी वॉर्डातल्या फोनवर तिचा आवाज आला. ट्रेनिंग संपलं होतं. बोलणं नीट, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरलाही रिसीव्हरला कान लावायला लावला.

मग ती म्हणाली, "मॅडम, नाहूरचा दवाखाना बंद झाला. बाबांनीच सगळीकडे सांगितलं, मग कोणी जाईना. मी काल गेले होते, शेजारचे म्हणाले, डॉक्टर मुलाकडे गेले कायमचे. मला त्यांना थँक यू म्हणायचं राहून गेलं. त्यांनी येऊन सांगितलं नसतं तर मी आज इथे बसले नसते." मग तिने विचारलं, "तुम्ही तरी म्हणाला होतात ना?"

मी त्यांना त्यांच्याच दवाखान्यात, बाहेरच्या त्यांच्याच पेशंटांना ऐकू जाईल असं, लाज नाही वाटत का म्हटलं होतं. एवढंच म्हटलं होतं.

"हो," मी तिला सांगितलं. "म्हटलं होतं."