भोंग्यातले मामा

आमच्या थोरल्या मामांइतकं यंत्रांशी माणुसकीनं वागणारं माणूस केज तालुक्यात दुसरं झालं नसेल. लग्नाच्या पंगतीत बसून ते मोबाईलवरून विहिरीवरची मोटार सुरू करत, आणि ‘मोटार चालू झाली आहे’ असं पलीकडचा यांत्रिक आवाज सांगू लागला की भात कालवता कालवता म्हणत, “बरं बाई, लई उपकार.” हवामानाच्या अ‍ॅपनं सांगितलेला पाऊस आला नाही, तर फोन आभाळाकडे धरून त्याला विचारत, “बघ की, कुठं हाय?”

ज्वारीवरची पाखरं हाकलायला त्यांनी सोलरवरचा भोंगा आणला आणि त्यात स्वतःच्या आरोळ्या भरल्या. त्या भरत असतानाच मामी भाकरी घेऊन पोचल्या. त्यामुळे “हाऽऽ, हुर्र! उठा, फुकट्यांनो!” याच्या मागोमाग, एकदम मऊ आवाजात, “आलीस का? बस की सावलीला,” हेही आत गेलं. दर पाच मिनिटांनी ते साऱ्या शिवाराला ऐकू जाई. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत. मामी लाजून अर्ध्या झाल्या. पुन्हा भरा म्हटलं, तर मामा म्हणाले, “कशापायी? पाखरांना काय कळतंय?”

माघात मामा गेले. भोंगा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. तेराव्यानंतर मी शेतात गेलो, तेव्हा भर दुपार होती, वारा पडला होता, ज्वारीची ताटं निश्चल उभी होती. अगदी पाठीशी कुणीतरी विचारलं, “आलीस का?” ओळखीचाच आवाज, पण मान वळवायचा धीर मला झाला नाही.

काढणीला आलेल्या बाया बांधावरच थांबल्या आणि मामींना म्हणाल्या, “काकू, मेलेलं माणूस बस म्हणतंय. आमी न्हाई यायच्या आत.” दाणे गळू लागले होते. वर्षाची भाकरी त्या रानात उभी होती. पण तो स्वस्तातला भोंगा एकदा बंद केला की आतलं सगळं पुसलं जाई.

“मामी, आधी माझ्या फोनवर घेतो,” मी म्हटलं.

“घरी ऐकायला? घरी मी कुठून येणार हाय, त्यांनी आलीस का म्हणायला?”

त्यांनी एकदा शेवटपर्यंत ऐकलं आणि खटका दाबला. बाया ओळीनं आत शिरल्या. थोड्या वेळानं तारेवरची पाखरं दबकत कणसांवर उतरली. मी ढेकूळ उचललं, तर मामींनी माझा हात धरला.

“राहू दे. त्यांनाबी चुकल्याचुकल्यासारखं झालं असंल.”