साराची रेसिपी

मेथ्या करपल्याचा वास आला की इंग्लंडमध्ये मेडनहेडमधलं ते किचन आठवतं. शेजारीण कन्नडमध्ये कथा लिहायची. तिचा नवरा मराठी, त्याला ती लिपी येत नव्हती. मी बेळगावची, मला येते. त्या दुपारी किंकाळी ऐकून धावले, तर तो तिचे केस धरून डोकं कपाटावर आपटत होता आणि गॅसवर मेथ्या जळत होत्या. त्याने तिची कथांची वही माझ्या अंगावर फेकली. “वाचा! माझ्याबद्दल काय लिहिलंय?” पानापानावर त्याच्या लाथा होत्या. “साराची रेसिपी आहे, भाऊजी,” मी म्हणाले. त्याने केस सोडले. तिच्या ओठातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं. मी गॅस बंद केला आणि घरी आले. पोलिसांना फोन केला नाही. परवा पोस्टाने तिचं पुस्तक आलं. पहिल्या कथेचं शेवटचं वाक्य आहे : शेजारणीने सगळं वाचलं आणि ती घरी गेली.