मायच्या काठीच्या मापाची गाडी

किस्से काय, जमवायला गेलं की जमत नाहीत. तुम्ही आपलं साधं काम काढायचं, दोन-चार शहाणी माणसं सोबत घ्यायची, बस्स! आम्ही एक जुनी गाडी शोधायला निघालो आणि आता कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते लेंड्यांचं सांगा ना!"

सांगते. पण आधी माणसं सांगते.

आमची शेंद्र्याला कंपनी. मी क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर लोकांनी बनवलेला माल रिजेक्ट करणं हा माझा धंदा. गौतम स्टोअरला. राहतो फुलंब्रीला, रोज बाईकवर येऊन-जाऊन करतो. तिसरे बाळासाहेब, प्रेस शॉपचे. त्यांचंही गाव फुलंब्रीच. घरी शेती, गोठ्यात बैल, आणि आवाज असा की प्रेस चालू असली तरी ऐकू येतो.

गाडी हवी होती गौतमला. त्याच्या मायचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, बाईक नाही, रिक्षातले धक्के नाहीत, बुटक्या सीटवर तर बसायचंच नाही. मायची एकुलती एक बहीण देवगाव रंगारीला. तिला दम्याचा त्रास, ती येऊ शकत नाही. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवताना रडायच्या. माय गौतमला म्हणाली, "मला दुसरं काय नगं. एकदा तिच्या दारात नेऊन सोड."

भाड्यानं गाडी करून नेतो म्हटलं तर म्हणे, "म्हंजी एकदाच जायचं व्हय?"

नवी गाडी गौतमच्या आवाक्यात नव्हती. आणि जुन्यांचे भाव असे की समोरचा गाडी विकतोय का बायपासला प्लॉट, तेच कळेना!

*

जालना रोडला पहिल्या डीलरकडं गेलो. गाडी चकाचक, आत मोगऱ्याचा वास. "डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड!" दुसऱ्याकडं गेलो. तीही डॉक्टरांची! तिसऱ्याकडं पांढरी गाडी होती, तीसुद्धा डॉक्टरांचीच. माझं डोकं फिरलं. या शहरातल्या डॉक्टरांनी पेशंट तपासले कधी आणि गाड्या विकल्या कधी?

तेवढ्यात बाळासाहेबांनी डिकी उघडली, खालची चटई उचलली आणि कोपऱ्यातून मूठभर काहीतरी काढून डीलरपुढं धरलं. शेळीच्या लेंड्या! चांगल्या वाळलेल्या.

"डॉक्टर जनावराचे व्हते का?" बाळासाहेबांनी विचारलं.

डीलरच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. म्हणाला, "हौ ना साहेब! मी सांगणारच होतो!"

*

बाळासाहेबांनी आयुष्यात बैल लई घेतले, गाडी एकही नाही. पण त्यांचं म्हणणं, घेण्याची रीत सगळीकडं एकच. ते गाडीभोवती फिरायचे, पुढून बघायचे, मागून बघायचे, चाकाला टाच मारायचे आणि उगाच नाक मुरडायचे. इथवर ठीक होतं.

एका ठिकाणी गाडी बरी निघाली. बोलणी करायला कोट घातलेला एक तरणा सेल्समन आला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला पत्ता लागत नाही. बाळासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या पोराच्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्याची बोटं घट्ट पकडली!

पोरगं लालबुंद झालं. हात ओढतंय, सुटत नाही. बाळासाहेब त्याच्या डोळ्यांत रोखून बघत अजून दाबतायत.

"काका, सोडा! काका, आमच्याकडं ऑनलाइन पेमेंट चालतं!"

त्या दुकानात आम्हाला परत जायचं तोंड राहिलं नाही.

*

हसता काय, मीही काही कमी नाही. सिडकोत एका गृहस्थांच्या घरी गाडी बघायला गेलो. बिचाऱ्यांनी पोहे केले होते. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, मी गाडीवर नजर टाकते. टॉर्च काढला आणि तपासायला लागले. इथं पोचा, तिथं दुसऱ्यांदा मारलेला रंग, दाराची फट वरखाली.

आता कंपनीत माझी सवय काय? खोट दिसली की लाल मार्करनं गोल करायचा. खिशात मार्कर होताच. हात आपोआप चालला!

गृहस्थ पोह्याची प्लेट घेऊन बाहेर आले. गाडीला गोवर उठला होता. मार्कर कंपनीचा, पुसता पुसेना. मी, गौतम, बाळासाहेब, तिघंही फडकी घेऊन घासायला बसलो. गृहस्थ पायरीवर बसून म्हणाले, "बाई, आता तुम्हीच न्या ही गाडी. दुसरं कोण घेतंय हिला!"

मी लाजेनं मेले. पोहे मात्र फार छान होते.

*

खरी पंचाईत सीटच्या उंचीची होती. टेप लावून बघू म्हटलं तर माय म्हणाली, "टेपाचं मला काय कळत नाय." तिनं आपली काठी गौतमच्या हातात दिली. काठीला मधे एक गाठ आहे. "सीट या गाठीवर आली पायजे. खाली नगं, वर नगं."

मग काय, आमची वरात निघाली. प्रत्येक गाडीचं दार उघडायचं, काठी उभी करायची, गाठ बघायची. इंजिन कसं, चालली किती, हे नंतर. डीलर लोक बाजूला उभे राहून बघायचे. एकानं तर हळूच विचारलं, "ही पूजा आहे का काही?"

एका रविवारी दुपारपर्यंत फिरलो. गौतमचा फोन वाजला. माय होती.

"काठीला गाड्या दाखवून झाल्या आसतील तर पाठवा तिला घरी. मला उठायचंय!"

काठी एकच होती आणि ती सकाळपासून आमच्याबरोबर शहर फिरत होती, हे आम्हा तीन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! गौतमनं बाईकला अशी किक मारली की विचारू नका.

*

शेवटी कुणीतरी रोशन गेटच्या शेख चाचांचं नाव सांगितलं. रिटायर माणूस, जुनी पण जिवापाड जपलेली गाडी. फक्त चाचा गिऱ्हाईक पास करत नाहीत म्हणे!

गाडी बघितली. काठीची गाठ सीटला बरोब्बर लागली. मला एक खोट सापडली नाही, आणि मला सापडली नाही म्हणजे नव्हतीच. आम्ही खुशीत. बाळासाहेबांनी त्याच खुशीत दार लावलं. धाडकन!

चाचांनी डोळे मिटले. "हो गया. जाव."

"काय झालं?"

"दरवाजा कैसा लगाते, वोच देखता मैं. बाकी कुछ नै देखता."

गौतमचं तोंड एवढंसं झालं. मला इतका राग आला की बाळासाहेबांनाच लाल गोल करावा वाटला. गौतम हात जोडून म्हणाला, "चाचा, दार यांचं नका बघू. गाडी माझ्या मायसाठी पाहिजे." आणि खुबा, मावशी, देवगाव, सगळं सांगितलं.

चाचांनी काठीकडं बघितलं. मग म्हणाले, "तो अम्मा को देखना पडेगा. अम्मा कैसी आएगी? गाडी तो मेरे पास है. मैंच आता."

*

रविवारी चाचा गाडी घेऊन फुलंब्रीला हजर! सोबत चाची. त्यांना घरात करमत नाही म्हणून आल्या. मीही त्यांच्याच गाडीत. बाळासाहेब बाईकवर, दाराला हात लावायचा नाही या अटीवर.

माय काठी टेकत आली. "जयभीम भाऊ," म्हणाली, पुढच्या सीटवर अलगद बसली, आणि दाराकडं हात पोचेना म्हणून चाचांनाच म्हणाली, "लावा की भाऊ तेवढं दार."

परीक्षा घ्यायला आलेल्या चाचांनी स्वतः दार लावलं!

गौतमनं गाडी सुरू केली. मागं चाचा, चाची आणि मी; बाळासाहेब बाईकवर पाठोपाठ. गावाबाहेर एक चक्कर मारून यायचं ठरलं होतं. वेशीपाशी माय म्हणाली, "आता निघालोच हाय तर देवगावलाच चल."

गौतमनं आरशात चाचांकडं बघितलं. चाचा खिडकीबाहेर बघायला लागले. मग तो थांबला नाही.

मावशी दारात उभी होती. मायनं वाटेत फोन करून ठेवला होता! दोघी बहिणी गळ्यात पडल्या, आणि खरं सांगते, चाची आणि मी, दोघींनी एकाच ओढणीला डोळे पुसले. मावशीला वाटलं गाडी घेतलीच. तिनं बॉनेटला झेंडूचा हार घातला, गल्लीत पेढे वाटले. लोक गौतमला शाबासकी देतायत, चाचासुद्धा पेढा खाता खाता त्याला "मुबारक हो!" म्हणून बसले आणि मग एकदम घास थांबला त्यांचा.

संध्याकाळी फुलंब्रीला परत आलो. दारात गाडी थांबवून गौतमनं चाचरत आपला आकडा सांगितला. चाचांनी आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो बराच खाली होता.

"नक्को. एक दाम बोल्या सो बोल्या," मागच्या सीटवरून चाचा म्हणाले. "नै तो गाडी मेरे घर जाएगी."

माय पुढं बसलेली, पट्टा लावलेला, काठी मांडीवर. मान न वळवता म्हणाली, "मंग मला बी तुमच्याच घरी यावं लागंल. म्या काय उतरत नाय."

चाची टुणकन पुढं सरकल्या. "ले चलो जी! मेरेकू घर में बात करने कोई तो मिलेगा!"

चाचांनी चाचीकडं बघितलं. मायकडं बघितलं. काचेतून झेंडूच्या हाराकडं बघितलं. मग "तेरेच दाम में रख ले!" म्हणत खाली उतरले आणि दार असं धाडकन आपटलं, की बाळासाहेबसुद्धा दचकले!