वाढलेलं मंगळसूत्र आणि माझा निळा लायटर

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक करून हसायला. रागावू नका, पण खरं तेच सांगते. भूतखेत, संकेत, सावल्या... छे! आमचे हे एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होते, घरात सगळ्याचं उत्तर वायर नाहीतर फ्यूज. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातात घडलीय. तिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं, मीनूचं लग्न, पंचवटीतल्या एका कार्यालयात. मेव्हणे लवकर गेले. ताईने शिवणकाम करून पोर एकटीने वाढवली, शिकवली. त्यामुळे हे लग्न म्हणजे ताईच्या आयुष्याची परीक्षाच होती म्हणा ना.

आम्ही दोघी सोनाराच्या मुली. वडिलांचं, अण्णांचं बघून बघून डाख देणं, म्हणजे तुटलेली कडी वितळवून जोडणं, मला लहानपणापासून येतं. पुढे देवळाली कॅम्पच्या बाजारात एक स्वस्तातला लायटर मिळाला — खालून गॅस भरायचा, वरून फुस्स करत निळी सरळ ज्योत. त्यावर गॅसची शेगडी पेटायची, कापूर पेटायचा आणि शेजारणींची कानातली-पैंजणं पण जोडून व्हायची. लग्नाला निघताना तो लायटर, चिमटा आणि टाकणखार, डाखाचे कण ठेवलेली डबी पर्समध्ये टाकायचीच. कुणाचं ना कुणाचं काहीतरी निखळतंच हो!

तर मुहूर्त अर्ध्या-पाऊण तासावर आला, आणि मुलाकडच्या बायकांनी मंगळसूत्र डबीतून काढून बघायला घेतलं. शेल्याच्या जरीत अडकलं, ओढलं... कडी उघडली, एक वाटी गालिच्यावर. सगळ्यांचे चेहरे पडले. मुलाची आत्या मोठी खमकी बाई. म्हणाली, "मंगळसूत्र धड झाल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही. आणि दोऱ्यात ओवलेलं आमच्याकडे चालत नाही. नाहीतर आज राहू द्या."

आज राहू द्या! राहिलेलं लग्न पुन्हा उभं राहतं का कधी? आणि बोल कुणाला लागणार, तर बिनबापाच्या पोरीला.

मुलाच्या बहिणीचा नवरा इंदूरचा. तिथे जन्मलेला, मराठी घरातच काय ती. त्याला कुणीतरी सांगितलं, "पळा, सराफ बाजारातून सोनाराला घेऊन या, मंगळसूत्र वाढलंय." तो बिचारा स्कूटर घेऊन पूल ओलांडून गेला, घाम पुसत परत आला... एकटाच!

"अहो, सोनार कुठाय?"

"मी सांगितलं, मंगळसूत्र लांब झालंय. ते म्हणाले, लांब झालं असेल तर इतकी घाई काय? उद्या आणा, आखूड करून देतो."

आता रडावं की हसावं! आपण 'तुटलं' म्हणत नाही, 'वाढलं' म्हणतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्यांदा जायला वेळ उरला नव्हता. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले.

मी पदर खोचला. "आणा ते इकडे!"

"तुम्ही?" आत्याबाई.

"हो, मी. सोनाराची मुलगी आहे. गुरुजी, होमाची एक वीट द्या."

विटेवर कडी मांडली, डाख नीट पळावा म्हणून टाकणखार लावला, डाखाचा कण ठेवला. पंखे बंद करायला लावले. लायटर दाबला... नुसती टिकटिक. पुन्हा दाबला. काही नाही. ताई माझ्याकडे बघत होती, ती नजर मी विसरणार नाही. मनात म्हटलं, अण्णा, आज तुम्ही हयात असायला हवे होतात, तुमच्या नातीचं लग्न आहे हो!

आणि पेटला.

पण ज्योत सरळ नव्हती. पिवळसर होती आणि वाकलेली होती — दिव्यावर फुंकणीने फुंकर मारली की वाकते ना, अगदी तशी. अण्णा आयुष्यभर फुंकणीवर काम करायचे. गुरुजी म्हणाले, "वारा आहे का कुठे?" वारा कसला, पान हलत नव्हतं! मी कडी ज्योतीत धरली, की ज्योत कडीवर आली, ते मला अजून सांगता येत नाही. डाख पाण्यासारखा पळाला. जोड कुठे आहे ते दिसेना.

आत्याबाईंनी कडी ओढून बघितली. उलटी करून बघितली. मग म्हणाल्या, "धरा अंतरपाट!" सनई सुरू झाली, आणि अक्षता टाकताना सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता बरं का. मी तर दोन्ही हातांनी उधळत होते. जिंकलो होतो आम्ही!

संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी लायटर हातात घेतला. "अगं, हा कशाला नेलास? वॉशर बदलायला मी सकाळीच याचा व्हॉल्व्ह काढलाय."

ओट्यावरच्या बशीत व्हॉल्व्ह पडलेला. लायटरच्या तळाला आरपार भोक. त्यात गॅस थेंबभर राहणं शक्य नाही. ह्यांनी दाबून बघितला, मी दाबून बघितला... टिकटिक, बस. ते तासभर डोकं खाजवत बसले. आज रिटायर झालेत, तरी विषय निघाला की नुसतं "हं" म्हणतात.

ताई म्हणते, अण्णाच होते. मी 'हो' म्हणत नाही. 'नाही' म्हणायची हिंमतही होत नाही. तुम्हाला गॅसचं, विज्ञानाचं काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. पण एक सांगते — आमच्या मीनूचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून लागलं, आणि त्या वेळी पंचवटीतल्या त्या भरल्या कार्यालयात फुंकर मारणारं कुणीतरी होतं. मी तर श्वास रोखून धरला होता.